डेटाफाइल छोट्या पत्त्याची की मोठ्या? ओरॅकल सांभाळायला नुकतेच बसलेल्यांसाठी

डिस्कवर ४०० जीबी मोकळे दिसतात, तरीही ओरॅकल डेटाबेस सांगतो की टेबल वाढवायला जागा नाही. स्क्रीनवर ओआरए-०१६५३ येतो आणि काउंटरवरचं काम थांबतं. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली या पट्ट्यात पतसंस्थेत, बँकेत, आंब्याच्या पॅकहाउसमध्ये किंवा मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात ओरॅकल सांभाळायला नव्याने बसलेल्यांना हा एरर कधी ना कधी भेटतोच. भेटतो तोही नेमका गर्दीच्या दिवसांत: बँकेत मार्चएंडला, पॅकहाउसमध्ये हापूसच्या ऐन हंगामात. कारण सरळ आहे. नोंदी तेव्हाच भराभर वाढतात आणि फाइल आपल्या कमाल मर्यादेला जाऊन टेकते.

ही मर्यादा डिस्कची नाही. फाइलच्या आतल्या जागेचा पत्ता किती आकड्यांत लिहायचा, यावरून ती ठरते. ओरॅकलमध्ये टेबलं टेबलस्पेसमध्ये, म्हणजे एक किंवा अनेक डेटाफाइलींच्या गटात राहतात, आणि त्याच्या दोन पद्धती आहेत: स्मॉलफाइल टेबलस्पेस आणि बिगफाइल टेबलस्पेस. बिगफाइल १०जी आवृत्तीत आली. त्याआधी सगळं स्मॉलफाइलच होतं, आणि जुन्या आवृत्त्यांपासून अपग्रेड होत आलेल्या डेटाबेसमध्ये आजही बहुतेक स्मॉलफाइलच सापडते. आपल्याकडे काय आहे ते तपासायला दहा मिनिटं पुरतात, आणि ती शांतपणे, एरर येण्याआधीच काढायची असतात.

आधी पत्ता समजून घ्या

ओरॅकल टेबलातल्या प्रत्येक ओळीला रोआयडी देतं. हा रोआयडी १० बाइटचा, म्हणजे ८० बिटांचा असतो. त्यातले ३२ बिट टेबल कोणतं ते सांगतात, १० बिट फाइल कोणती ते सांगतात, २२ बिट त्या फाइलमधला ब्लॉक (ठराविक आकाराचा तुकडा) सांगतात आणि उरलेले १६ बिट ब्लॉकमधली ओळ. ही झाली स्मॉलफाइल.

आपल्या गावांसारखंच आहे हे. वरच्या वाडीत घर नंबर १२ असतं आणि खालच्या वाडीतही घर नंबर १२ असतं, म्हणून पत्त्यात वाडी लिहावी लागते. फाइल म्हणजे वाडी, ब्लॉक म्हणजे घर. एका वाडीत किती घरं मावतील हे घर नंबराला किती जागा ठेवली आहे त्यावर ठरतं. बिगफाइलमध्ये वाड्याच नाहीत. सगळं गाव एका सलग क्रमांकात, त्यामुळे वाडीचे १० बिटही घर नंबरालाच मिळतात. २२ चे ३२ होतात.

२२ बिटांत सुमारे ४२ लाख ब्लॉक मोजता येतात, नेमके सांगायचे तर ४१,९४,३०४. ब्लॉक ८ केबीचा असेल तर गुणाकार ३२ जीबीवर येतो. एका स्मॉलफाइल डेटाफाइलची कमाल मर्यादा ती हीच. डिस्क कितीही मोठी घ्या, ही फाइल त्यापुढे जाणार नाही. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी ब्लॉक मोजता येतात, त्यामुळे तसल्याच ८ केबीच्या ब्लॉकवर बिगफाइल ३२ टीबीपर्यंत जाते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुष्कळ जण ती उलटी समजतात. स्मॉलफाइल टेबलस्पेसमध्ये १०२२ फाइली जोडता येतात. प्रत्येकी ३२ जीबी धरले तर बेरीज पुन्हा जवळपास ३२ टीबीच होते. म्हणजे टेबलस्पेसची एकूण क्षमता दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो पत्त्याची वाटणी कशी केली याचा, आणि रोजच्या कामात तुमच्या वाट्याला काय येतं याचा: स्मॉलफाइलमध्ये फाइली वेळेवर जोडत राहणं, बिगफाइलमध्ये एकाच अगडबंब फाइलचा बॅकअप सांभाळणं.

तपासायला बसण्याआधी

खालच्या पाच पायऱ्यांतल्या सगळ्या आज्ञा फक्त वाचणाऱ्या आहेत. तरीही चालू डेटाबेसवर सिसडीबीए (सगळे हक्क असलेला युजर) म्हणून शिरू नका. तुमच्या वरिष्ठांकडून सिलेक्ट_कॅटलॉग_रोल असलेला वेगळा युजर मागून घ्या. हा हट्ट नव्या माणसाने पहिल्या दिवसापासून धरावा. वाचण्यापुरतेच हक्क असले की हात मोकळा राहतो आणि शिकताना भीती वाटत नाही.

इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, आणि अंडरस्कोर जिथे दिसतो तिथे तो द्यायचाच.

पायरी १: आपण कुठे उभे आहोत

नव्या आवृत्त्यांत एका कंटेनर डेटाबेसच्या पोटात अनेक प्लगेबल डेटाबेस असतात. आधी एसक्यूएल-प्लसमध्ये (आज्ञा टाइप करायचं ओरॅकलचं साधन)

शो कॉन_नेम

एवढं विचारा. उत्तर सीडीबी-डॉलर-रूट असं आलं तर तुम्ही ओसरीवरच आहात. संस्थेचा खरा डेटा आतल्या प्लगेबल डेटाबेसमध्ये आहे, आणि तिथे शिरून तपासणी पुन्हा करायची. रूटमध्ये बसून सगळे एकदम बघायचे असतील तर डीबीए_ ऐवजी सीडीबी_ ने सुरू होणारे व्ह्यू (डेटाबेसची स्वतःची माहिती दाखवणारे तयार तक्ते) वापरा.

पायरी २: थेट विचारा

सिलेक्ट टेबलस्पेस_नेम, ब्लॉक_साइझ, कंटेंट्स, बिगफाइल फ्रॉम डीबीए_टेबलस्पेसेस;

शेवटच्या रकान्यात येस किंवा नो येईल. येस म्हणजे मोठा पत्ता, नो म्हणजे छोटा. मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं, आणि भरवशाचं उत्तर हेच. फाइलचं नाव, तिचं एक्स्टेन्शन किंवा फोल्डरमध्ये दिसणारा आकार यांवरून अंदाज बांधू नका. ३२ जीबीपेक्षा मोठी फाइल ८ केबीच्या ब्लॉकवर स्मॉलफाइल असूच शकत नाही, हे खरं. पण लहान फाइल दिसली म्हणून ती स्मॉलफाइल ठरत नाही. १० एमबीची बिगफाइलही असते, आणि पुढे ती आपण स्वतः बनवून बघणार आहोत.

ब्लॉक_साइझचा रकाना वगळून चालत नाही, कारण मर्यादा त्यावरच ठरते. स्मॉलफाइलमध्ये २ केबीच्या ब्लॉकला ८ जीबी, ४ ला १६, ८ ला ३२, १६ ला ६४ आणि ३२ केबीच्या ब्लॉकला १२८ जीबी. बिगफाइलमध्ये आकडे तेच, फक्त जीबीच्या जागी टीबी वाचा. एकाच डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या ब्लॉकचे टेबलस्पेस असू शकतात, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी वाचायची.

डेटाबेस उघडतच नसेल, नुसता माउंट होत असेल, तर डीबीए_ चे व्ह्यू उत्तर देत नाहीत. तेव्हा व्ही-डॉलर-टेबलस्पेस विचारा. त्याची माहिती कंट्रोल फाइलमधून (डेटाबेसच्या फाइलींची नोंद ठेवणारी छोटी फाइल) येते, आणि त्यातही बिगफाइलचा रकाना आहे. वीज अचानक गेल्यावर सर्व्हर अर्धवट उठला असेल तेव्हा हीच वाट उपयोगी पडते.

पायरी ३: फाइलींची यादी नीट वाचा

सिलेक्ट फाइल_नेम, रिलेटिव्ह_एफएनओ, बाइट्स, मॅक्सबाइट्स, ऑटोएक्स्टेन्सिबल फ्रॉम डीबीए_डेटा_फाइल्स;

या यादीवर घाई करू नका. जे काही कळतं ते बहुतेक इथेच कळतं.

रिलेटिव्ह_एफएनओ म्हणजे टेबलस्पेसपुरता फाइलचा क्रमांक, आपल्या पत्त्यातली वाडी. लिनक्स किंवा विंडोजवर बिगफाइलसाठी इथे १०२४ दिसतं. १० बिटांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात, त्यामुळे १०२४ हा क्रमांक छोट्या पत्त्यात कधीच बसू शकत नाही. तो दिसला की समजायचं, इथे वाडीचा रकाना वापरातच नाही. दुसऱ्या पायरीच्या उत्तराची ही पडताळणी झाली.

मग मॅक्सबाइट्स. ८ केबीच्या ब्लॉकवर ऑटोएक्स्टेंडला (फाइल आपोआप वाढण्याला) मर्यादा न घालता फाइल बनवलेली असेल तर स्मॉलफाइलसाठी इथे ३४३५९७२१९८४ हा आकडा येतो. हा म्हणजे जवळपास ३२ जीबी. डोळ्यांना याची सवय करून घ्या. अनलिमिटेड असं लिहून फाइल बनवली तरी ओरॅकल तिला इथेच थांबवतं, आणि ‘आपण तर अनलिमिटेड दिलं होतं’ या समजुतीपायी बरेच जण अडकतात. बिगफाइलसाठी त्याच परिस्थितीत ३५१८४३७२०६४२५६ दिसतं.

मॅक्सबाइट्स ० असेल तर ती फाइल रिकामी नाही. ऑटोएक्स्टेंड बंद आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि शेजारच्या रकान्यात नो दिसेलच. ओआरए-०१६५३ आला की हा रकाना आधी बघा. कित्येकदा फाइल ३२ जीबीच्या जवळपासही नसते, नुसती वाढायची परवानगी नसते.

टेम्परेरी टेबलस्पेसच्या फाइली या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी डीबीए_टेम्प_फाइल्स वेगळा विचारावा लागतो. अहवाल काढताना सॉर्टिंग तिथेच होतं, त्यामुळे वर्षअखेरीच्या मोठ्या अहवालांत तीच फाइल आधी भरते.

पायरी ४: किती दिवस पुरेल

आता प्रत्येक स्मॉलफाइल टेबलस्पेससाठी सगळ्या फाइलींच्या मॅक्सबाइट्सची बेरीज करा. ऑटोएक्स्टेंड बंद असलेल्या फाइलीसाठी बाइट्सच धरा. त्यातून वापरलेली जागा वजा केली की खरी उरलेली जागा कळते. फाइली तेवढ्या वाढायला डिस्कवर जागा नसेल तर अर्थात त्या डिस्कवर मोकळी आहे तेवढ्याच वाढतील.

वाढीचा वेग मोजताना वर्षाची सरासरी घेऊ नका. कोकणात धंदे हंगामाचे आहेत. पॅकहाउसमध्ये पेट्यांची आवक, ग्रेडिंग आणि निर्यातीची कागदपत्रं मार्च ते मे या काळात एकवटलेली असतात. मासेमारी संस्थांचे डिझेलचे आणि मासळीचे हिशेब बंदरं चालू असताना वाढतात, पावसाळी बंदी लागली की मंदावतात. म्हणून गेल्या हंगामातल्या सर्वांत जास्त गर्दीच्या महिन्याची वाढ घ्या आणि तोच वेग पुढे धरा.

पायरी ५: पुढे तयार होणारं काय असेल

सिलेक्ट प्रॉपर्टी_व्हॅल्यू फ्रॉम डेटाबेस_प्रॉपर्टीज व्हेअर प्रॉपर्टी_नेम = 'डिफॉल्ट_टीबीएस_टाइप';

पद्धत न सांगता नवा टेबलस्पेस बनवला तर तो कोणत्या प्रकारचा होईल, ते यातून कळतं. हे उत्तर बदललं तरी जुने टेबलस्पेस आहेत तसेच राहतात. नव्या संस्थेत रुजू झालात तर आधीच्या माणसाने इथे काय ठेवलं होतं ते वहीत लिहून घ्या. आणि स्वतः टेबलस्पेस बनवताना स्मॉलफाइल किंवा बिगफाइल हा शब्द आज्ञेत स्पष्ट लिहा. डिफॉल्टवर विसंबू नका. २३एआयमध्ये सिस्टीम आणि सिसऑक्ससुद्धा बिगफाइल म्हणून तयार होतात, त्यामुळे ‘डिफॉल्ट म्हणजे स्मॉलफाइल’ ही जुनी सवय नव्या सर्व्हरवर फसवेल.

घरच्या मशीनवर करून बघा

वाचून कळतं, पण हाताने केलं की पक्कं बसतं. ओरॅकलची २१सी एक्सप्रेस एडिशन फुकट मिळते आणि तिच्यात १२ जीबीपर्यंत डेटा ठेवता येतो. सरावाला ती भरपूर झाली. ऑफिसच्या सर्व्हरवर हे प्रयोग अजिबात करू नका.

क्रिएट बिगफाइल टेबलस्पेस ही आज्ञा देऊन १० एमबीची फाइल बनवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीतले प्रश्न तिच्यावर चालवा. एवढीशी फाइल, तरी बिगफाइल येस आणि क्रमांक १०२४. आता तिला दुसरी फाइल जोडायचा प्रयत्न करा. ओआरए-३२७७१ येईल: बिगफाइलमध्ये एकच फाइल राहते, दुसरी जोडता येत नाही.

मग स्मॉलफाइल टेबलस्पेस बनवताना आकार ३२ जीबी लिहा. ओआरए-०११४४ येईल आणि ओरॅकल स्पष्ट सांगेल की तुम्ही ४१९४३०४ ब्लॉक मागितले आणि कमाल ४१९४३०३ आहे. एका ब्लॉकने हुकलं. म्हणूनच अनुभवी मंडळी स्मॉलफाइलला ३२ जी न लिहिता ३२७६७ एम लिहितात. फाइल तयार होण्याआधीच ही आज्ञा नाकारली जाते, त्यामुळे डिस्कची काळजी नको. मात्र ३२७६७ एम लिहिलेली आज्ञा सरावात चालवू नका. ती ब्लॉकच्या मर्यादेत बसते, आणि ओरॅकल तेवढी जागा खरोखरच अडवायला जातं.

छोटा पत्ता निघाला तर

घाबरायचं काही नाही. एखाद्या पतसंस्थेचा सगळा डेटा ८० जीबी असेल तर तीन फाइलींत तो मावतो, आणि पुढची फाइल वेळेवर जोडत राहिलं की काम वर्षानुवर्षं सुरळीत चालतं. अशा ठिकाणी केवळ नवं आहे म्हणून बिगफाइलकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बदलाला कारण लागतं.

फाइल जोडताना डीबी_फाइल्स हे पॅरामीटर बघून ठेवा. ते सहसा २०० असतं. फाइलींची संख्या तिथे पोचली की ओआरए-०००५९ येतो, आणि हे पॅरामीटर वाढवायला डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. भर दुपारी काउंटरवर रांग असताना कोणी ते करू देणार नाही.

काही टीबीपर्यंत डेटा जाणार असेल, फाइली जोडण्याचं काम कोणाच्या तरी आठवणीवर चालत असेल, तर बिगफाइल घ्यावी. जुना टेबलस्पेस जागच्या जागी बिगफाइल होत नाही. नवा बिगफाइल टेबलस्पेस बनवून टेबलं त्यात हलवावी लागतात. १२.२ आवृत्तीपासून ऑल्टर टेबल मूव्ह ऑनलाइन मिळतं, त्यात काम चालू राहतं आणि इंडेक्सही शाबूत राहतात. ऑनलाइन हा शब्द न लिहिता टेबल हलवलं तर इंडेक्स निकामी होतात आणि ते पुन्हा बांधावे लागतात. मासळीच्या संस्थांसाठी याला बंदीचा काळ उत्तम, बँकांसाठी मार्चएंडचा ताण ओसरल्यावरचा. हलवण्याआधी पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नये.

हलवताना एक आडवळण आहे. ओळी नव्या जागी जातात म्हणून त्यांचे रोआयडी बदलतात. कोणी प्रोग्रॅमरने रोआयडी टेबलात साठवून ठेवले असतील तर ते चुकीचे ठरतील. शिवाय डीबीएमएस_रोआयडी या पॅकेजची काही फंक्शनं ब्लॉक क्रमांक काढताना टेबलस्पेसचा प्रकार विचारतात, आणि तो सांगितला नाही तर स्मॉलफाइल गृहीत धरतात. बिगफाइलवर तशीच स्क्रिप्ट चालवली तर पत्त्याची वाटणी चुकीच्या जागी होते आणि क्रमांक भलताच येतो. त्यात लक्ष वेधणारा एररही येईलच असं नाही. म्हणून जुन्या स्क्रिप्टांमध्ये हे नाव शोधा आणि प्रकार स्पष्टपणे पुरवा.

मोठा पत्ता निघाला तर

बिगफाइलला वाढवणं सोपं आहे. ऑल्टर टेबलस्पेस रिसाइझ एवढं पुरतं, फाइलचं नाव शोधत बसावं लागत नाही. स्मॉलफाइलवर हीच आज्ञा दिली तर ओआरए-३२७७३ येतो. बिगफाइलला ऑटोएक्स्टेंड देताना मॅक्ससाइझ लिहायलाच हवी. नाहीतर एखादा बिघडलेला प्रोग्रॅम रात्रभर नोंदी ओतत राहिला की फाइल अख्खी डिस्क खाते. त्याच डिस्कवर आर्काइव्ह लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या साठवलेल्या नोंदी) असतील तर डेटाबेसच अडकून पडतो.

डिस्कची स्वतःचीही मर्यादा असते. लिनक्सवर एक्स्ट४ फाइलसिस्टीम नेहमीच्या ४ केबी ब्लॉकची असेल तर एक फाइल १६ टीबीपर्यंतच जाते, ओरॅकलने ३२ टीबी देऊ केले तरी. आणि बॅकअपसाठी बाजारातून आणलेली बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर तिच्यावर ४ जीबीची फाइलही मावत नाही. छोट्या संस्थांत हा प्रश्न फार वेळा येतो. डिस्क वापरात आणण्याआधी तिचं फॉरमॅट बघा.

सगळ्यात जास्त लक्ष बॅकअपकडे द्या. आरमॅन, म्हणजे ओरॅकलचं बॅकअप साधन, साधारणपणे एक फाइल एका चॅनेलवर (बॅकअपचं काम करणारी एक प्रक्रिया) घेतो. स्मॉलफाइलच्या वीस फाइली असतील तर चार चॅनेल त्या आपसात वाटून घेतात, पण बिगफाइलची एकच फाइल असेल तर एक चॅनेल राबतो आणि तीन बसून राहतात. ११जीपासून यावर उपाय आहे: बॅकअपच्या आज्ञेत सेक्शन साइझ लिहायचा, म्हणजे फाइलचे तेवढे तेवढे भाग पाडून सगळे चॅनेल एकाच वेळी काम करतात. परत आणतानाही ते भाग समांतर उतरतात.

हे आपल्या किनाऱ्यावर कागदी मुद्दा म्हणून सोडून देता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीची वीज किती दिवस घालवली, ते इथल्या प्रत्येकाने भोगलं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचा सर्व्हर म्हणजे काय धोका असतो तेही कळलं. जनरेटरवर मोजके तास मिळणार असतील तर त्या तासांत डेटाबेस परत उभा राहतो की नाही, हे सेक्शन साइझसारख्या एका शब्दावर ठरू शकतं. त्यामुळे बिगफाइल आहे असं कळल्यावर त्याच दिवशी आरमॅनची स्क्रिप्ट उघडा. सेक्शन साइझ आहे का, चॅनेल किती आहेत ते बघा. मग पावसाआधी, मे महिन्यातच, दुसऱ्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर करून घड्याळ लावा. जो वेळ लागेल तो टेबलस्पेसची नावं, त्यांचे प्रकार आणि ब्लॉक साइझ यांच्या शेजारी वहीत लिहा, आणि त्या पानाची एक प्रत सर्व्हरच्या खोलीबाहेर, वरच्या मजल्यावर ठेवा.